बॅटरीवरच्या कुलपाचे सेल संपले, आपण दाराबाहेर: आलीय का तुमच्यावर अशी वेळ?

पर्वरीकरीण:
काल शुक्रवार, म्हणून म्हापशाच्या बाजाराला गेले होते. ट्यूबचा स्टार्टर घ्यायला एका दुकानात शिरले तर गल्ल्याशेजारी बरणीभर चौकोनी सेल, ते ९ व्होल्टचे. म्हटलं एवढे कशाला? तर म्हणतो, "बाय, हल्ली हे कुलपांनाच जातात." आणि मला २०२२ ची तय, म्हणजे गणेश चतुर्थीचा आदला दिवस, आठवली.

आमचं गावचं घर पेडण्याच्या बाजूला. आई गेल्यापासून वर्षभर बंद, फक्त चवथीला उघडतं. दादा दुबईला, धाकटा पुण्याला, मी पर्वरीला. किल्ली कुणाकडे राहणार यावरून दर चवथीला रुसवेफुगवे. शेवटी दादाने ठसे आणि आकडे घेणारं कुलूप बसवलं. दार आजोबांनी करून घेतलेलं, फणसाचं. त्याला भोक पाडायला सुताराचाच हात होईना.

तयेच्या संध्याकाळी पोचलो. चित्रशाळेतून गणपती वाटेतच घेतलेला, माझ्या मांडीवर. पाऊस असा की छत्री असून नसल्यासारखी. नवऱ्याने आकडे दाबले तर दिवाच लागेना. अंगठा लावला, तळवा लावला, दोन चापट्या मारल्या. मेलेलंच. पाट, चौरंग, निरांजन सगळं आत, आणि मी पडवीत देव धरून उभी. हात भरून आले तरी खाली कुठे ठेवणार? शेजारची काकी पाट घेऊन धावत आली, वर मलाच ओरडली, "देवाक भायर कित्याक दवरला गो?"

जादा किल्ल्या दोन. एक दुबईत. दुसरी कुलपाच्या खोक्यात, खोका माळ्यावर, माळा आत.

दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, कुलपाच्या खालच्या कडेला वाकून बघ, दोन टिकल्या आहेत, त्यांना ९ व्होल्टचा सेल टेकव. आता तयेच्या रात्री तो आणायचा कुठून? काकीच्या मुलाला सुचलं: भजनी मंडळाचा कॉर्डलेस माइक! भिजत देवळात गेला, सेल काढून आणला. टिकल्यांवर हिरवा गंज, तो ओढणीने घासला. टेकवला, काही नाही. उलटा टेकवला आणि टुंग! मग एका हाताच्या अंगठ्याने सेल दाबून धरायचा, दुसऱ्याने आकडे. सेल केसभर सरकला की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला उघडलं. आतले सेल काढले तर दोन फुटून त्यांचा पांढरा भुगा स्प्रिंगांवर बसलेला.

तुमचं सांगा.

बांगडाप्रेमी:
मग चवथीला भजन बिनमाइकचं?

पर्वरीकरीण:
परत दिला हो सेल. पण दुसऱ्या दिवशी ऐन आरतीत माइक गेला आणि सगळं मंडळ माझ्याकडे बघायला लागलं.

घुमटवाला:
घुमट आरतीला, म्हणजे आमच्या मातीच्या वाद्यावरच्या आरतीला, माइक लागतोच कशाला? घुमट नीट तापवलेलं असलं तर पलीकडच्या वाड्यावर ऐकू जातं. आता घोरपडीचं चामडं बंद, बकऱ्याचं लावतात, पावसात लगेच सैल पडतं ते खरं. तरी माइक नको.

मडगाव_रात्रपाळी:
मी रात्री दोनला ड्यूटीवरून आले. कुलूप दोन आठवडे पिकपिक करत होतं, आम्हाला वाटायचं फ्रिज. जिन्यात बसून रडायचीच बाकी होते. वरच्या मजल्यावरचा पोरगा लग्नात गिटार वाजवून परत आला, "कितें जालें गो?" सांगितलं. तिथेच जिन्यात गिटारची पेटी उघडली, गिटारच्या अंगाला छोटं झाकण असतं, त्यातून ९ व्होल्ट काढून दिला. मला तोवर माहीतच नव्हतं गिटारला सेल लागतो.

बांगडाप्रेमी:
म्हणजे पेडण्यात भजन, मडगावात गिटार, सेल एकच 😄

घुमटवाला:
घुमट दोन्हीकडे वाजतं. त्याला सेल नाही लागत.

डिचोलीची सून:
आमचं उलटं. सासूबाई आत, आम्ही बाहेर. आतली मूठ नुसती दाबली की दार उघडतं, तिला सेल असो नसो. पण त्यांना आम्हीच बजावलेलं, कुणालाही दार उघडायचं नाही. मालिका चालू. हे ओरडतायत, "आई, मी आहे!" आतून उत्तर, "आमचा बाळ दार वाजवत नाही, तो आकडे दाबून येतो." पाऊण तास. शेवटी ह्यांनी खिडकीशी जाऊन लहानपणी म्हणायचे ती आरती म्हटली, चुकीच्या शब्दांसकट, तेव्हा उघडलं.

पर्वरीकरीण:
अगं सून 😂😂 कोणते शब्द चुकवतात ते पण सांग

डिचोलीची सून:
ते नाही सांगत. घरात वाचतात हे.

कुठ्ठाळीकर:
आमच्या दाराला लाकडी आगळ आहे. संपला विषय.

फोंडा दुकानदार:
रोज दोन तरी येतात असे, म्हणून लिहितो. या कुलपांत बहुतेक ४ पेन्सिल सेल असतात, काहींत ८. अल्कलाइनच घाला. भिंतीवरच्या घड्याळाला चालतात ते स्वस्तातले घालू नका, मोटरला एकदम जोर लागतो आणि ते तिथेच बसतात. रिचार्जेबल पण नको: साधा सेल १.५ व्होल्ट, तो १.२. चार मिळून ६ च्या जागी ४.८, कुलूप पहिल्या दिवसापासून बॅटरी कमी म्हणून बोंबलतं, मग माणूस ऐकायचं सोडतो. लिथियमवाले भरपूर चालतात पण शेवटपर्यंत चांगले दिसतात आणि अचानक जातात. चारही एकदम बदला, दोन जुने दोन नवे करू नका. आणि बाहेरून ९ व्होल्ट लावल्याने आतले सेल भरत नाहीत, तेवढ्यापुरतं दार उघडतं. बाई, तुमचे सेल फुटले ते बंद घरात वर्षभर तसेच राहिल्यामुळे.

आके_आजी:
लाइट गेली की पण बंद पडतं का हे? आमच्याकडे पावसात सारखी जाते. नातू बसवायचं म्हणतोय.

फोंडा दुकानदार:
नाही आजी, त्याला घरच्या लाइटीशी काही नाही. पण पावसात लाकडी दार फुगतं ना, मग खिट्टी चौकटीला घासते, मोटर कण्हते, सेल लवकर संपतात. आधी सुताराकडून दार तासून घ्या. किल्लीचं भोक असलेलंच घ्या, आणि किल्ली शेजारी ठेवा.

आके_आजी:
किल्ली आमची तुळशीच्या वृंदावनामागे. साठ वर्षं. सगळ्या वाड्याला माहीत आहे.

बांगडाप्रेमी:
माझा अनुभव. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते, त्यानंतर पहिलेच ताजे बांगडे घेऊन आलो, कुलूप बंद पडलेलं. किल्ली बायकोकडे, ती पणजीत, यायला दीड तास. पिशवीतून पाणी गळतंय, मजल्यावरची मांजरं गोळा. खालच्या बाईंनी पिशवी फ्रिजमध्ये ठेवून घेतली. बायको आली, दार उघडलं, पिशवी आणायला गेलो तर बाईंनी बांगड्यांची उडीदमेथी करून ठेवलेली. अर्धी आम्हाला, अर्धी त्यांना.

डिचोलीची सून:
तिरफळ घातलेलं का?

बांगडाप्रेमी:
उडीदमेथीत तिरफळ? 🤨

घुमटवाला:
आमच्यात घालतात.

कुठ्ठाळीकर:
बांगडा दिसला की तिरफळ. काय विचारायचं त्यात.

ताळगाव_४०२:
आमच्या कुलपाला ९ व्होल्टची भानगड नाही, खाली टाइप-सी आहे. मी हुशारीने पॉवर बँक लावली. कुलूप एवढं थोडं खातं की पॉवर बँकला वाटायचं काही जोडलेलंच नाही, दहा सेकंदांत झोपून जायची. बटण दाबून उठवायची, की पळत आकडे दाबायचे. शेवटी लॅपटॉपला जोडलं. दारात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, पोदेर आला, चार पाव ठेवून गेला, काही विचारलं नाही.

कांदोळी_खोल्या:
पर्यटकांना खोल्या देते, त्यामुळे माझा अनुभव मोजता येणार नाही 🙏 एकच सांगते. रात्री एकला फोन, गेस्ट दार उघडत नाही म्हणून तापलेला. स्कूटरने गेले. कुलूप ठणठणीत. तो शेजारच्या व्हिलाच्या दारात आकडे दाबत होता. त्या दाराने चुकीचे आकडे मोजून बाहेरची बटणंच बंद केलेली, आणि आतले घाबरून पलंगाखाली. आता प्रत्येक दारावर रंगीत मासा रंगवलाय. तुमचा निळा मासा, एवढंच सांगते.

मडगाव_रात्रपाळी:
निळा मासा 😄😄 त्या गिटारवाल्याला मी नवा सेल घेऊन दिला, तो म्हणाला ठेव तुझ्याकडेच, पुढच्या वेळी खाली उतरायला नको.

कुठ्ठाळीकर:
एक शंका. मुक्तिदिन सगळ्यांना पाठ असतो. गोव्यात निम्म्या कुलपांचा कोड १९६१ नाहीतर १९१२ असणार, पैज लावतो.

ताळगाव_४०२:
🙈

आके_आजी:
१९१२ कसं?

कुठ्ठाळीकर:
१९ डिसेंबर, आजी. १९ आणि १२.

आके_आजी:
हां. मी तेव्हा चौथीत होते, शाळा बंद होती एवढं आठवतं. आणि तिरफळ उडीदमेथीत घालतातच. ठेचून, वाटून नाही.

पर्वरीकरीण:
दादाने आत्ता हा धागा वाचला आणि दुबईहून फोन केला. रविवारी पेडण्याला जाऊन आकडे बदलून ये म्हणाला. एक सेल काकीकडे ठेवीन, एक भजनी मंडळाला देईन.