परसात बांधलेल्या भट्टीची फरशी तिसऱ्या जाळाला फुटली. पाडू की सुधारू?

परसातली_लिंबोणी | सोमवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. घर सोलापुरात विजापूर रोडला, मागं १४ बाय ११ फुटांचं परस आहे. त्यात एक लिंबोणी, धुणं वाळत घालायच्या दोन तारा आणि आता एक फुटकी भट्टी.

आधी भट्टी कशासाठी ते सांगते. माझं लहानपण साखर पेठेत गेलं. दिवाळीच्या आधी आठ दिवस गल्लीतल्या बायका रवा, मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायच्या. बेकरीवाले आपल्यासमोर पीठ मळायचे आणि पत्र्यावर नानकटाई घालून भट्टीत ढकलायचे. नंबर लागायला कधी रात्रीचे दोन वाजायचे. आई पायरीवर बसायची, मी तिच्या मांडीवर पेंगत असायचे. भट्टीचं झाकण सरकलं की तोंडावर झळ यायची आणि मागोमाग तुपाचा वास. डबा फडक्यात गुंडाळून घरी आणायचा, तो सकाळपर्यंत कोमट असायचा. वडील गिरणीतून रात्रपाळी करून आले की पहिली नानकटाई त्यांच्या हातावर.

ती बेकरी राहिली नाही. घरच्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये मी कितीदा तरी करून पाहिली. खुसखुशीत होते, पण बुडाला जो भाजका वास यायचा तो येत नाही. यंदा निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा ठरवलं, परसात लाकडाची भट्टी बांधायची. नानकटाई, पाव, नातीला पिझ्झा, आणि भट्टी उतरली की कडक भाकरी वाळवायच्या.

गवंडी ओळखीचा, कामाला प्रामाणिक. चुली आणि तंदूर त्यानं पुष्कळ बांधलेत, अशी भट्टी पहिल्यांदाच. बांधकाम असं झालं: परसातल्या मातीवर दगडगोट्यांचा ओटा, त्यावर शहाबादी फरशी, त्यावर लाल विटांचा घुमट. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सगळ्या सिमेंट-वाळूच्या. घुमट आतून ४० इंच रुंद आणि २० इंच उंच, तोंड १६ इंच उंच. धूर जायला घुमटाच्या डोक्यावर भोक ठेवून पाइप बसवला. २२ हजार खर्च आला.

पहिले दोन जाळ बारीक होते. तिसऱ्या वेळी बाभळीची लाकडं भरपूर घातली. अर्ध्या तासानं फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि फरशीची हाताच्या पंजाएवढी कपची उडून तोंडातून बाहेर आली. मी बाजूला उभी होते म्हणून वाचले. घुमटालाही तोंडापासून मागपर्यंत भेग गेली आहे, पाच रुपयाचं नाणं सरकतं तिच्यात. शिवाय दोन तास जाळ घालूनही अर्ध्या तासात भट्टी गार होते. ओटाही लिंबोणीच्या बाजूला किंचित कलला आहे.

गवंडी म्हणतो भेगेत सिमेंट भरू, नवी फरशी टाकू. माझं मन घेत नाही. ज्यांनी भट्टी बांधली आहे किंवा चालवली आहे त्यांनी सांगावं.

भट्टी_आणि_पाव | सोमवार, रात्री ११.४०

मावशी, आता त्यात जाळ घालू नका. आमची तिसरी पिढी पाव भाजायलीय, रोज पहाटे तीनला लाकडाच्या भट्टीसमोर उभा असतो, म्हणून हक्कानं सांगतो.

फरशी का फुटली ते आधी. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. तिकडं वाडी-शहाबादला सिमेंटचे कारखाने याच दगडावर उभे राहिले. अंगणाला, माडीला, जिन्याला त्याच्यासारखी फरशी नाही, थंडगार राहते. पण जाळाखाली तो दगड चालत नाही. वरचा पापुद्रा तापून फुगतो, खालचा गारच असतो, थरांमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि कपची उडते. त्यातून टिकला तरी रोजच्या निखाऱ्यांखाली हळूहळू त्याचा चुना होतो, म्हणजे पावाला चुन्याची भुकटी. नवी शहाबादी टाकली तर तीही फुटणार. ग्रॅनाइटचंही तेच, तो मोह नको.

तळाला फायरब्रिक, म्हणजे जाळ सोसणारी वीट पाहिजे, ९ बाय साडेचार बाय ३ इंचाची. एक वीट चार किलोच्या आसपास भरते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने एवढे, दर उन्हाळ्यात गाळप संपलं की बॉयलरची डागडुजी निघते. त्यांना विटा पुरवणारे लोक आहेत, तिथं चौकशी करा. वापरलेल्या विटा स्वस्तात देतो म्हणाले तर उलटून बघा. काचेसारखी चकाकी किंवा वितळलेल्या राखेची मळी चिकटलेली असली तर घेऊ नका.

दर्जांना नुसतं सिमेंट नको. चारशे-पाचशे अंशांवर सिमेंटचा जीव जातो, ते भुसभुशीत होतं. तीन घमेली बारीक वाळू, एक फायरक्ले (जाळ सोसणारी माती), एक चुना, एक सिमेंट असं कालवा, आणि दर्जा जेवढी बारीक तेवढी चांगली. आमच्या मिस्त्रीची सवय आहे, वीट पाण्यात बुडवून काढायची आणि मगच बसवायची. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते.

आता भट्टी गार का होते. एक, धुराडं डोक्यावर आहे. उष्णता वर जाते, तुम्ही तिला वरच दार करून दिलंय. घुमट अखंड पाहिजे. थंड हवा तोंडाच्या खालच्या अंगानं आत जाते, जाळ मागच्या भिंतीवरून घुमटाला चाटत पुढं येतो आणि धूर तोंडाच्या वरच्या अंगानं बाहेर पडतो. धुराडं तिथं, तोंडाच्या बाहेर, कमानीवर बसवायचं. दोन, तोंड फार उंच. घुमटाच्या उंचीच्या ६३ टक्के, हे जुनं माप आहे. तुमच्या २० इंचाला साडेबारा इंच तोंड झालं, तुमचं आहे १६. तीन, उष्णता धरून ठेवायला काहीच नाही. खाली ओटा उष्णता पितो, वरून वारा नेतो.

माझं मत, पाडा. लाल विटा वाया जात नाहीत, ओट्याच्या भिंतींना वापरा. आतून ३६ इंच रुंद, १८ उंच, तोंड सव्वाअकरा इंच एवढं करा, घराला पुष्कळ झालं. सव्वाशे फायरब्रिक लागतील. तळाच्या विटांखाली चार इंच पर्लाइट आणि सिमेंट, पाचाला एक. पर्लाइट म्हणजे हलके पांढरे दाणे, नर्सरीवाल्यांकडं मिळतात. घुमटावर सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे उष्णता अडवणारी तंतूंची गादी, एक इंची, दोन थर, जमलं तर तीन. ते कापताना नाकाला मास्क आणि हातात मोजे घालाच, त्याची कूस बारीक असते आणि छातीत जाते. त्यावर जाळी मारून गिलावा.

जुळे_सोलापूरकर | मंगळवार, सकाळी ७.५०

वरच्यांनी भट्टीचं नेमकं सांगितलंय, मी जमिनीचं सांगतो. तीस वर्षं बांधकामात आहे.

ताई, ओटा कलला तो काळ्या मातीमुळं. आपल्याकडची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घरांच्या कुंपणभिंती तिनं फोडल्यात. ओटा, स्लॅब, विटा, गिलावा धरून ही भट्टी दोन टनांच्या घरात जाते. तेवढं वजन नुसत्या काळ्या मातीवर ठेवलं तर वर कितीही चांगल्या विटा लावा, दोन पावसाळ्यांत भेग येणार.

पाच बाय पाच फुटांचा खड्डा घ्या, अडीच फूट खोल, काळी माती सगळी बाहेर. सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम टाका, पाणी मारून धुमसानं ठोकत या. त्यावर चार इंच सळईविना साधं काँक्रीट, मग भिंती, आणि वर पाच इंची स्लॅब, ८ एमएमची सळई सहा इंचांवर, आडवी आणि उभी दोन्ही. लिंबोणीपासून किमान पाच फूट लांब सरका. झाडाच्या मुळाशी माती सारखी ओली-सुकी होते, ओटा त्याच बाजूला कलला हे तुम्हीच लिहिलंय. शिवाय झाडाला झळ लागणार ती वेगळीच.

काम एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर आपल्या उन्हाचं भान ठेवा. स्लॅबवर गोणपाट टाकून ते रात्रंदिवस ओलं ठेवायचं. घुमटावर भर दुपारी गिलावा करू नका, संध्याकाळी करा आणि ओलं फडकं झाका.

आणि भट्टीचं तोंड पश्चिमेला नको. पावसाळी वारं तिकडूनच येतं.

होटगीरोड | मंगळवार, दुपारी १.०५

मी भट्टी बांधलेली नाही, पण अशा भट्टीशेजारी राहते. सासूबाईंना दमा आहे. शेजारी ओली लाकडं जाळायचे, तेव्हा आम्हाला खिडक्या लावून बसावं लागायचं. नंतर त्यांनी लाकूड वर्षभर पत्र्याखाली वाळवायला सुरुवात केली. आता पेटवताना दहा-पंधरा मिनिटं धूर दिसतो, मग काहीच नाही. प्लायवूडचे तुकडे किंवा रंग दिलेल्या चौकटी मात्र कधीच घालू नका, तो धूर विषारी असतो. आणि पेटवायच्या आधी शेजारी एक हाक मारून सांगा, आम्ही तेवढ्यात तारेवरचे कपडे काढून घेतो.

परसातली_लिंबोणी | मंगळवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. गवंड्याला बसवून तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बाई, मजुरी नको, पाडायचं काम माझं." मजुरी मी देणारच आहे. त्यालाही हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

@भट्टी_आणि_पाव, बांधून झाल्यावर पहिला जाळ कधी आणि कसा घालू?

भट्टी_आणि_पाव | मंगळवार, रात्री ११.५५

बांधून झाली की आठवडाभर तशीच राहू द्या. मग सात दिवस रोज जाळ. पहिल्या दिवशी तुराट्यांचा एवढासा, चार-पाच तास, घुमट आतून शंभर अंशांच्या वर जायला नको. रोज पन्नासेक अंश वाढवा. तापमान मोजायची गन मिळते, ती घ्या. गिलाव्यातून वाफ निघेल, घाम आल्यासारखा ओला होईल, ते पाणी निघायलंच पाहिजे. घाई केली तर तेच पाणी वीट फोडतं. केसाएवढ्या भेगा येतील, त्यांना घाबरू नका.

परसातली_लिंबोणी | रविवार, रात्री १०.२०

अडीच महिन्यांनी लिहितेय. भट्टी झाली.

मुरुमाचं काम आठ दिवस चाललं. फायरब्रिक एका बॉयलरवाल्या मिस्त्रीकडून मिळाल्या, १३० आणल्या, सात उरल्या. घुमटाच्या गोलाईसाठी गवंड्यानं स्वतःच्या डोक्यानं युक्ती काढली. तळाच्या मधोमध खिळा, त्याला १८ इंचांची पट्टी, आणि प्रत्येक अर्धी वीट त्या पट्टीच्या टोकाला टेकवून बसवायची. शेवटची वीट डोक्यावर बसली तेव्हा तो आत हात घालून घुमट चाचपत होता, लेकराच्या टाळूवरून फिरवावा तसा.

सात दिवस बारीक जाळ घातला. पाचव्या दिवशी गिलाव्यावर खरंच घाम आला.

आज पहिला मोठा जाळ. आधी आतून सगळं काजळीनं काळं झालं. तास-सव्वा तासानं डोक्यावर एक डाग पांढरा पडला आणि तो पसरत खाली उतरला, काजळी जळून विटांचा मूळ रंग उघडा पडत गेला. गन लावली तर घुमट ३९० अंश. निखारे मागं सारले, तळ ओल्या फडक्यानं पुसला आणि नातीचा पिझ्झा दोन मिनिटांत झाला. मग निखारे बाहेर काढले, तोंडाला लाकडी झाकण लावलं आणि तासाभरानं पाव. २३० अंश होते, वीस मिनिटं लागली.

नानकटाईसाठी १७० पर्यंत थांबायचं होतं. भट्टी उतरतच नव्हती, संध्याकाळचे सात वाजले. आई आता ८४ वर्षांची आहे. ती खुर्ची टाकून समोर बसली होती. तिनं गनकडं बघितलंही नाही. मैद्याची चिमूट मागितली, ती माझ्याकडून तळावर टाकून घेतली आणि दहा आकडे मोजले. मैदा बदामी झाला. "अजून थोडं," म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा चिमूट, या वेळी दहाला मैदा पांढराच. "आता घाल."

अठरा मिनिटांनी पत्रा बाहेर काढला. बुडाला तोच वास आहे. आईनं एक खाल्ली, दुसरी पदराच्या टोकात बांधून ठेवली.

आत्ता हे लिहितेय तेव्हा गन ११० दाखवतेय आणि आत चौदा भाकरी उभ्या लावल्या आहेत, सकाळपर्यंत कडक होतील.

एक प्रश्न राहिला. मृग तोंडावर आलाय. घुमटावर चुना-सिमेंटचा गिलावा आहे, तेवढा पुरेल की वर पत्रा हवाच?

जुळे_सोलापूरकर | रविवार, रात्री १०.५०

पत्रा हवाच, ताई. गिलावा पाणी पितो, खालचं ब्लँकेट भिजलं की उष्णता धरत नाही. चार पाइप उभे करून वर उतरता पत्रा टाका, घुमटापासून दोन फूट उंच, आणि धुराड्याची टोपी पत्र्याच्या वर काढा. महिनाभर पाऊस लागून भट्टी बंद राहिली, तर पुन्हा दोन दिवस बारीक जाळापासून सुरुवात करा.

भट्टी_आणि_पाव | सोमवार, पहाटे ३.१०

आत्ता वाचलं, मावशी. इकडं पहिला घाणा आत गेलाय. आजींना नमस्कार सांगा आणि चिमूट कुठल्या मैद्याची घेतली, जाड की बारीक, तेवढं विचारून ठेवा.