ग्रीन कार्ड आणि भारतात लांबलेला मुक्काम : अनुभवी मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही उभयता बडोद्याचे, दांडिया बाजारात राहणारे. मुलगा अमेरिकेचा नागरिक असल्यामुळे २०२१ मध्ये आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळाले आणि तेव्हापासून वर्षातले सात-आठ महिने न्यू जर्सीत त्याच्याकडे व उरलेले येथे, असा आमचा क्रम होता. गेल्या वर्षी ९ नोव्हेंबरला तिथून निघालो, ते एप्रिलअखेर परतण्याच्या बेताने. परतीची तिकिटेही काढलेली होती. मार्चमध्ये पत्नीचा पाय ओट्याच्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, परंतु जखमेत जंतुसंसर्ग झाल्याने जुलैमध्ये ती पुन्हा करावी लागली. आजही वॉकर धरून ती पलंगापासून न्हाणीपर्यंतच जाऊ शकते, आणि जानेवारीपूर्वी लांबचा विमानप्रवास करू नये असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे.

अमेरिकेबाहेर वर्ष ओलांडले की नुसत्या कार्डावर तिथे प्रवेश मिळत नाही, मग कार्डावरची मुदत २०३१ पर्यंत असली तरी. री-एंट्री परमिट, म्हणजे लांबच्या मुक्कामानंतर परत प्रवेशाचा परवाना, दोन वर्षांपर्यंत मिळते, पण त्याचा आय-१३१ अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो. पाच-सहा महिन्यांचाच बेत होता म्हणून आम्ही तो केला नाही, याची आता फार चुटपुट लागते.

त्यामुळे पत्नीसाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत डीएस-११७ अर्ज भरून एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या कायम रहिवाशासाठीचा व्हिसा मागणे, हाच मार्ग दिसतो. निघताना परतण्याचा इरादा होता, तो आजही कायम आहे आणि मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला, हे त्यात सिद्ध करावे लागते. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, क्ष-किरण चित्रे, रद्द केलेली तिकिटे, तिथले बँक खाते आणि तिथे रहिवासी म्हणून दरवर्षी भरलेली करविवरणपत्रे मी एका फाइलीत लावून ठेवली आहेत. आजारपणाच्या कारणावरून कोणाला हा व्हिसा मिळाला असल्यास, मुलाखतीत कशावर भर दिला गेला ते कृपया सांगावे.

खरा पेच माझ्या कार्डाचा आहे. मी धडधाकट आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही तरी वर्षाच्या आत येऊन जा." सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्याने विमानतळावर कसून चौकशी होऊ शकते, हे मी धरून चाललो आहे, आय-४०७ या फॉर्मवर सही करून कार्ड सोडण्याची सक्ती नसते आणि इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणे मांडता येते, हेही वाचले आहे. तिथे पोहोचून आय-१३१ भरला की माझे काम होईल. पण रात्री तिला दोनदा उठवून न्यावे लागते आणि ती दुसऱ्या कोणाचा हात धरत नाही. मी थांबलो, तर पत्नीची शुश्रूषा हे माझ्याही बाबतीत हाताबाहेरचे कारण मानले जाईल का? दोघांचे अर्ज एकत्र पाहिले जातात, की माझे आरोग्य पाहून मला वेगळे काढतील?

"कार्ड जाऊ द्या, मुलगा पुन्हा अर्ज करील," असा सल्ला मिळतो. नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक मर्यादेची रांग नसते हे खरे, परंतु सारी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागेल आणि तोवर नातवंडांपासून दूर राहणे तिला फार जड जाईल.

तिकिटाचा निर्णय दसऱ्यापर्यंत घ्यायचा आहे. पती-पत्नींपैकी एकाच्या आजारपणामुळे दुसऱ्याला थांबावे लागले, असे प्रकरण कोणाच्या माहितीत असल्यास त्याचे पुढे काय झाले ते अवश्य लिहावे.