मदत हवी आहे: 18 अँपिअर पुरत नाहीत, दुसरा अल्टरनेटर बसवू का?

नमस्कार मंडळी. स्वतः बांधलेलं दोन सीटचं विमान, 100 हॉर्सपॉवरचं इंजिन. इंजिनाच्या पोटातच कायम चुंबकाचा जनरेटर आहे, 250 वॉटचा. पूर्ण आरपीएमला जेमतेम 18 अँपिअर. बांधताना वाटलं, रेडिओ आणि दिव्यांना रग्गड झालं. मग एक स्क्रीन आला, मग दुसरा, मग ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र)...

क्लॅम्प मीटरने मोजलं: स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपाँडर मिळून 6, फ्युएल पंप 4, दिवे 2. इथवर ठीक. आता पिटो हीटर (वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ साचू न देणारा) घातलाय, तो एकटाच 9 खातो. तो लावला की 13.8 व्होल्टचे 13.1 होतात आणि बॅटरीचा अँपमीटर उणे 3 दाखवतो. जमिनीवर विमान हळू चालवताना (टॅक्सी) तर हीटर बंद असूनही उणेच. वर जनरेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तापतो; एक जळालाही.

पट्ट्यावरचा 40 अँपिअरचा अल्टरनेटर बघतोय, वजन साधारण 3 किलो. सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) पुन्हा काढेन. पण जुना जनरेटर ठेवू की काढू? बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. बीएमएसने (बॅटरीतलं रक्षक सर्किट) तिला मधेच तोडलं तर व्होल्टेज उसळून स्क्रीन जातील, ही खरी धास्ती. आणि फ्यूज कुठल्या टोकाला?

प्रतिसाद 1
आधी अर्थिंग बघा. सगळा लोड चालू ठेवून रेग्युलेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज ड्रॉप मोजा. अर्थात 18 मधून 21 निघणार नाहीत, अल्टरनेटर लागेलच.

जुना काढू नका, आयता बॅकअप आहे. नवा 14.2 वर ठेवा, जुना 13.8 वर, नवा चालू असेतो जुना लोड घेणार नाही. मात्र रेग्युलेटर शंट प्रकारचा (जास्तीचा करंट स्वतःतून वळवणारा) असेल तर तरीही तापेल. कायम चुंबकाच्या जनरेटरला फील्डची गुंडाळी (जिचा करंट तोडून अल्टरनेटर बंद करता येतो) नसते, त्यामुळे तो बंद करायला वायरमध्ये रिलेच हवा.

कारचा, आतच रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर शक्यतो नको. एकदा चालू झाला की स्विच बंद केला तरी कित्येक थांबत नाहीत. बाहेरच्या रेग्युलेटरचा घ्या, फील्डला 5 अँपिअरचा ब्रेकर आणि 16 व्होल्टला तो पाडणारं ओव्हरव्होल्टेज मॉड्यूल लावा. तुमच्या बीएमएसची मर्यादा 14.2 च्या वर आहे ना, ते तपासा, म्हणजे नेहमीच्या चार्जिंग व्होल्टेजला तो तोडणार नाही. जाड वायरचा फ्यूज बॅटरीच्या बाजूला. अल्टरनेटर शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर बॅटरीच ढकलते.

धागाकर्ता
मोजलं. 0.4 व्होल्ट ड्रॉप! रेग्युलेटर रंगावरच बोल्ट केला होता, मीच. रंग खरवडल्यावर उणे 3 चे उणे 2 झाले. बीएमएस 14.8 ला तोडतो. अल्टरनेटरचा ब्रॅकेट बनवायला घेतलाय. रिले जनरेटरच्या एसी वायरमध्ये टाकू की रेग्युलेटरच्या पुढे?

प्रतिसाद 1
एसी वायरमध्ये. पुढे टाकलात तर रेग्युलेटर बॅटरीविना चालू राहतो, आणि तेच त्याला सोसत नाही.