मदत हवी आहे: टाचेची भेग भरत नाहीये, त्यात मधुमेह

मंडळी, थंडी सुरू झाली की आईच्या टाचा फुटतात. यंदा डाव्या टाचेची एक भेग इतकी खोल गेली आहे की आतलं लाल दिसतं. पांघरुणाचा धागा अडकला तरी ती कळवळते. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करून पेट्रोलियम जेली आणि वर सुती मोजे, हे चालू आहे. कातडी मऊ पडते, पण भेग काही मिटत नाही.

मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली तर चटका कळत नाही, म्हणून गरम पाण्यात पाय बुडवणं बंद केलंय. हीटरजवळही बसू देत नाही (त्यावरून रोज वाद!). डॉक्टरांची वेळ घेतली आहेच.

तोवर एवढंच विचारायचंय: युरियाचं क्रीम कुणी वापरलंय का? १० टक्क्यांचं घ्यावं की २५? उघड्या भेगेवर ते झोंबतं म्हणतात, मग आधी भेग भरू द्यावी का? आणि घरात घालायला मागून बंद, मऊ तळाचं काही सुचवा. उघड्या टाचेच्या सपाता सोड म्हटलं, तर ऐकेल तर शपथ.