मदत हवी आहे: तुकड्यातुकड्याने वाचता येतील अशी मराठी पुस्तकं सुचवा

नमस्कार मंडळी,

मी ग्रंथालयशास्त्राची पदवी करते आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारी चारपासून आठपर्यंत एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीचं काउंटर. त्यात असाइनमेंट आणि वर्गीकरणाच्या प्रॅक्टिकलची तयारी. स्वतःसाठी वाचायला उरतात ती लोकलमधली पंचवीस मिनिटं, तीही बसायला मिळालं तर.

पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते मी झोपेतही सांगेन. विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याच्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य 891.46, त्यापुढे 1 लागला की कविता, 2 नाटक, 3 कथा-कादंबरी, 4 निबंध. पण त्यातलं मी स्वतः किती वाचलंय, हा प्रश्न मागच्या महिन्यात समोर येऊन उभा राहिला. एक आजोबा आले आणि म्हणाले, "मुली, काहीतरी चांगलं दे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, जाडजूड नको." मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. ती माझी तीनदा वाचून झाली आहे. आडबाजूच्या धनगरवाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर, त्याला सांभाळून घेणारा म्हातारा कारभारी आणि शेवटी दुष्काळात ओस पडत जाणारी वाडी. एवढ्याशा पुस्तकात माडगूळकरांनी अख्खं गाव उभं केलं आहे, आणि एकही शब्द चढ्या आवाजात नाही.

चौथ्या दिवशी आजोबा परत आले. पुस्तकात खूण म्हणून एसटीचं तिकीट चार घड्या करून ठेवलेलं. ते काढून खिशात घालत म्हणाले, "मी पण मास्तर होतो. पहिली नेमणूक अशाच वाडीवर." जरा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "आता पुढचं?"

पुढचं माझ्याकडे नव्हतं. म्हणजे कपाटं भरलेली होती, पण वाचून, आवडून, खात्रीने हातात ठेवावं असं दुसरं चटकन सुचलं नाही. शेवटी त्यांनीच कपाटातून काहीतरी उचललं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पंचसूत्री, म्हणजे ग्रंथालयाच्या कामाची पाच सूत्रं, 1931 सालची. आम्हाला ती परीक्षेला असते, मला तोंडपाठ आहे. 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' हे त्यातलं दुसरं सूत्र. त्या संध्याकाळी घरी जाताना तेच डोक्यात होतं.

म्हणून हा धागा. तुम्हाला नेमकं सुचवता यावं म्हणून माझी आवड सांगते.

सगळ्यात जवळचं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. वडिलांचं पराकोटीचं सोवळं, नवऱ्याने धर्म बदलल्यावर झालेली ताटातूट, हे सगळं ती बाई ओट्यावर बसून सांगावं तसं सांगते. रडता रडता हसवते. गाडीत कुठलंही पान उघडलं तरी चालतं, हा त्याचा मला फार मोठा आधार आहे. उर्मिला पवारांचं 'आयदान' आणि बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' याच ओढीने वाचली. 'आयदान' म्हणजे बांबूच्या कामट्यांपासून विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणायची. पुस्तक वाचल्यापासून बाजारात सूप-टोपली दिसली की माझा हात आधी तिच्या विणीवर जातो.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मी या वर्षी वेगळ्या रीतीने वाचते आहे. बारा महिन्यांचे बारा लेख, म्हणून ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा. चैत्रात सुरुवात केली. कॉलेजच्या वाटेवरचा करंज मी इतकी वर्षं नुसतं झाड म्हणून बघत होते, आता त्याची पालवी कधी फुटते याकडे लक्ष असतं. घाईच्या दिवसांत असं एक सावकाश चालणारं पुस्तक सोबत असलं की बरं वाटतं.

मोठ्या ऐतिहासिक कादंबऱ्या सध्या नकोत. त्या वाईट असतात म्हणून नाही. सहाशे पानांच्या कादंबरीत चार दिवसांचा खंड पडला की कोण कुणाचा सरदार हे विसरायला होतं आणि पुन्हा मागे जावं लागतं. यशाची गुरुकिल्ली छापाची पुस्तकंही नकोत, ती मला मनापासून आवडत नाहीत.

तर आत्मकथनं, व्यक्तिचित्रं, ललित लेख किंवा दीडशे-दोनशे पानांच्या छोट्या कादंबऱ्या सुचवाल का? जुनी, आता फारसं कुणी मागत नाही अशी असतील तर जास्तच आनंद. आमच्याकडे कितीतरी पुस्तकांच्या तारीखपत्रावर शेवटचा शिक्का दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. ती झटकून पुन्हा जागेवर ठेवताना वाईट वाटतं. नुसतं नाव न लिहिता ते तुम्हाला का आवडलं हे दोन ओळींत लिहिलंत तर तेच मला वाचकाला सांगता येईल.

आणखी एक, ग्रंथपाल म्हणून काम करणाऱ्यांना विचारायचं आहे. वाचलेल्या पुस्तकांची टिपणं तुम्ही कशी ठेवता? मी आत्ता वहीत लिहिते, पण 'छोटं पुस्तक', 'मोठा टाइप', 'शिक्षकांना आवडेल' अशा वाचकाच्या भाषेत शोधायचं झालं तर वही पुरत नाही. कार्डं करावीत का?

आजोबांची पुस्तक परत करायची तारीख येत्या शनिवारी आहे. त्याआधी एक तरी नाव मिळालं तर ते वाचून ठेवीन.