तत्कार दुगुनीत गेला की सम निसटते, नेमकं काय चुकतंय?

माटुंगा_कथक: कथकच्या क्लासला सहा महिने झालेत. ठाय (संथ) लयीत तीनतालाचा (16 मात्रांचा ताल) तत्कार (पायांचं काम) जमतो, पण दुगुन (दुप्पट गती) घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात (तालाच्या फेरीत) सम (पहिली मात्रा) हरवते. हस्तक (हातांच्या हालचाली) जोडले तर पाय पळायलाच लागतात. घरी लेहरा (तालाची फेरी दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) मिनिटाला 90 मात्रांवर लावते. गणपतीत सोसायटीच्या मंडपात तीन मिनिटं नाचायचंय. घर चौथ्या मजल्यावर, त्यामुळे खालच्यांचाही विचार करावा लागतो.

तळपाय: आधी पाय तपासा. 'ता थेई थेई तत' म्हणजे उजवा-डावा-उजवा-डावा, आणि 'आ थेई थेई तत' म्हणजे डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे 'तत' आणि 'आ' लागोपाठ डाव्यावरच पडतात. आठव्यावरून परत पहिल्यावर येताना उजव्याचंही तसंच. बहुतेकांचं इथेच बिघडतं. 'तत'वर सगळं वजन डाव्या पायावर टाकलं, की तोच पाय पुन्हा उचलायला वेळ उरत नाही आणि सवयीने उजवा पडतो. वजन दोन्ही पायांच्या मधे ठेवा, पाय जमिनीपासून दोन-तीन बोटंच उचला.

तळवा सपाट पडायला हवा. टाच आधी आपटली की आवाज फुटतो आणि नडगी दुखते. गुडघे ताठ नकोत. सिमेंटवरच्या टाइल्स पायाला अजिबात साथ देत नाहीत, म्हणून खाली सतरंजी आणि तिच्यावर प्लायवूडचा तुकडा टाका. धक्काही कमी, खालच्यांना त्रासही कमी. योगा मॅटवर मात्र करू नका, तळवा रुततो.

90 ची दुगुन म्हणजे सेकंदाला तीन पाय, आत्ताच नको. 60 वर या. सलग आठ आवर्तनं बिनचूक झाली तरच 5 ने वाढवा.

डग्गा: पायांचं बरोबर, पण सम हरवते ती कानामुळे. एक ते सोळा आकडे मोजू नका, ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. टाळी 1, 5, 13 वर, खाली (टाळी न वाजवायची जागा) 9 वर. दहाव्या मात्रेपासून डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) घुमायचा थांबतो, चौदाव्या 'धिं'ला परततो. तो परतला की तीन मात्रांनी सम. ही खूण कानात बसली की मधेच चुकलात तरी सावरता येतं. म्हणून नुसता लेहरा नको, तबल्यासह लावा.

पढंत (बोल तोंडाने म्हणणं) लोकलमध्येही होते. एका हाताने कडी धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा करंगळीपासून पेरांवर फिरवा. तीन पेरं आणि टोक मिळून चार मात्रा, चार बोटांत आवर्तन. मधलं बोट आलं की खाली.

माटुंगा_कथक: खूप आभार. हस्तकांचं काय? आणि तीन मिनिटं भरायची कशी?

रंगमंच: हात मात्रेवर पोचायला हवा, मात्रेवर निघायला नको. निघायला उशीर झाला की तो गाठायला धाव घेतो आणि पाय त्याच्या मागे जातात. पहिले काही दिवस हात छातीसमोर स्थिर, मग दर चार मात्रांना एकच हस्तक.

80 च्या लयीत एक आवर्तन 12 सेकंदांचं, म्हणजे तुमच्याकडे 15 आवर्तनं आहेत. थाट (सुरुवातीची डौलदार उभी ठेवण) 2, आमद (प्रवेशाची रचना) 2, चार तोडे (छोट्या नृत्यरचना) आणि त्यांच्या मधे ठायची एकेक मिळून 7, तत्कार 3, शेवटी तिहाईचं (तीनदा घेऊन समेवर संपणारा तुकडा) 1. मधली ठाय कापू नका, श्वास तिथेच मिळतो. तिहाई साधी घ्या: 'तिगधा दिगदिग थेई' तीन मात्रांचं, खालीपासून तीनदा. शेवटचं 'थेई' थेट समेवर येतं. समेपासून उचलायची असेल तर पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मधे एकेक मात्रा रिकामी.

मंडपात प्लायवर कार्पेट असतं, त्यात पायांचा आवाज विरतो. नाचायच्या जागेपुरतं काढून घ्या आणि वर आलेले खिळे हाताने चाचपून बघा. घुंगरू पायाला 50 पुरेत, आणि ते बांधून किमान आठवडाभर सराव करा. पाय जड झाला की लय आधी मागे पडते.