मदत हवी आहे : जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि त्याच्या राखणदार मुंग्या

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आमचे घर असून गॅलरीतील जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर महिन्याभरापासून पिठ्या ढेकूण पडला आहे. कापसासारखे पांढरे पुंजके मी ओल्या फडक्याने पुसून काढते, परंतु आठवड्याभरात ते पुन्हा दिसू लागतात, आणि कुंडीच्या काठावरून काळ्या मुंग्यांची रांग अखंड चालू असते. ही कीड झाडाचा रस शोषून जो गोड, चिकट स्राव बाहेर टाकते तो मुंग्या खातात आणि त्या बदल्यात किडीच्या शत्रूंना हुसकावतात, हे वाचून ठाऊक होते. परवा मात्र दोन मुंग्यांनी एका ढालकिड्याला (ही कीड खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्याला) पानाच्या टोकापर्यंत रेटत नेलेले प्रत्यक्ष पाहिले. (खरे सांगायचे तर कौतुकच वाटले.)

मुंग्यांची वाट तोडली की ढालकिडे उरलेले काम करतील, असा माझा अंदाज आहे. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवल्यास डास होतील, ही घरच्यांची धास्ती रास्त आहे. तेव्हा खोडाला चिकट पट्टी गुंडाळून कोणाला गुण आला आहे का? शिवाय काही ढालकिड्यांच्या अळ्या पिठ्या ढेकणासारख्याच पांढऱ्या असतात. त्या ओळखाव्यात कशा, म्हणजे मी त्यांनाच पुसून टाकणार नाही?